परमिट रूमसाठी अर्ज करायचाय पण शाळा जवळ आहे, काय करावं?

खानावळवाला_करवीर

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागंल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला तरी कसं कळणार म्हणून लिहितोय. कोल्हापूर शहराला अगदी खेटून पण ग्रामपंचायत हद्दीत, गारगोटी रस्त्यावरनं आत एका गल्लीत आमची मटणाची खानावळ आहे. वडिलांनी सुरू केली, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. चौदा टेबलं, तांबडा-पांढरा, सुक्कं, खिमा, ज्वारीची भाकरी. रविवारी नंबर लावून बसतात लोक.

अडचण अशी की गेल्या तीन-चार वर्षांत गिऱ्हाईक खिशात क्वार्टर घालूनच यायला लागलंय. पाणी मागवायचं, पेल्यात ओतायची, बाटली टेबलाखाली ठेवायची. आम्ही दोन-तीनदा स्पष्ट बोललो तर मग जेवण पण नको म्हणून उठून गेले, आणि उठणारी ती रोजची माणसं. आई रात्री मोरीत भांडी घासायला बसते तेव्हा स्टीलचा एकेक पेला आधी नाकाशी धरते, वास आला की बाजूला ठेवते आणि मग ते बाजूचे सगळे पेले शेवटी लिंबाच्या सालीनं वेगळे घासते. बोलत काही नाही. मला ते बघवत नाही. फॅमिली घेऊन येणारे पण कमी झालेत, मागच्या महिन्यात एक बाई दोन मुलांना घेऊन दारातनंच परत गेल्या.

म्हणून आम्ही दोघा भावांनी ठरवलंय की एकतर रीतसर लायसन काढून परमिट रूम वेगळी करायची आणि जेवणाचा हॉल वेगळा ठेवायचा, नाहीतर हे पूर्ण बंद करायचं. एक एजंट येऊन गेला, म्हणतोय सगळं करून देतो, अर्धे पैसे आधी द्या. आमच्यापासनं थोड्या अंतरावर जिल्हा परिषदेची शाळा आहे आणि कोपऱ्यावर मारुतीचं देऊळ आहे. अंतराचा नियम नक्की काय आणि ते मोजतात कसं? दुसरं म्हणजे भाऊ कीबोर्ड वाजवतो, त्याच्या डोक्यात शनिवारी संध्याकाळी जुन्या गाण्यांचा लाइव्ह कार्यक्रम ठेवायचं आहे, त्याला वेगळं लायसन लागतं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी खरं खरं सांगा, आमच्या घरात ह्या धंद्यातलं कुणी नाही.

शिरोलीकर_मालक

भावा, वाचलं सगळं. माझी परमिट रूम शिरोलीकडं आहे, सतरा-अठरा वर्षं झाली, त्यामुळं अनुभवाचं बोलतो.

सगळ्यात आधी, त्या एजंटाला अ‍ॅडव्हान्स देऊ नको. अर्ज ऑनलाइन आहे, फीचं चलन ऑनलाइन निघतं, जागा बघायला एक्साईजचे साहेब स्वतः येतात आणि शेवटची सही जिल्हाधिकाऱ्यांची असते. एजंटाचं काम काय तर कागद नीट लावून देणं, तेवढ्याचे पैसे त्याला काम झाल्यावर दे. पण लायसन आणून देतो म्हणणारा माणूस जे त्याच्या हातातच नाही ते तुला विकतोय. माझ्या मेहुण्याचे असेच गेले, जागा अंतरात बसतच नव्हती आणि त्याला आठ महिने फाईल वर गेलीय म्हणून झुलवत ठेवलं.

आता लायसन कुठलं ते समजून घे. तुला जे पाहिजे ते एफएल-३, म्हणजे बसून प्यायची परमिट रूम. वाइन शॉपचं एफएल-२ वेगळं, ते नवीन द्यायचं १९७० च्या दशकापासनंच थांबलंय, म्हणून तर जुन्या वाइन शॉपना एवढी किंमत. बिअर शॉपी पण वेगळी, तिथनं बंद बाटली घेऊन जायची, तिथं बसून प्यायचं नाही. आणि नुसती बिअर-वाइन बसून प्यायची तर त्याला ई नमुन्यातलं लायसन असतं, ते पण डोक्यात ठेव, छोट्या खानावळीला कधीकधी तेवढं पुरतं.

एफएल-३ हे चालू हॉटेलला मिळतं, मोकळ्या गाळ्याला नाही. म्हणजे तुझं अन्नपरवान्याचं लायसन, शॉप अ‍ॅक्ट, पाणी, ड्रेनेज, बायका-पुरुषांची वेगळी स्वच्छतागृहं हे आधी असायला पाहिजे. मग नकाशा. नकाशात परवाना कक्ष कुठला, काउंटर कुठं, स्टोअर कुठं, किचन कुठं, जेवणाचा हॉल कुठला हे सगळं दाखवायचं आणि जागेवर तसंच्या तसं पाहिजे. मी पाहणीच्या आधीच हौसेनं ग्रॅनाइटचा काउंटर बांधून घेतला होता, नकाशात दाखवला होता उजव्या भिंतीला आणि गवंड्यानं बांधला डावीकडं कारण तिकडं नळाची लाइन होती, तो सगळा फोडायला लागला. म्हणून पाहणी होईपर्यंत एक वीट लावू नको.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. तुला वाटतंय लायसन मिळालं की खिशातली क्वार्टर बंद होईल. होत नाही. वाइन शॉपला एमआरपीनं मिळते आणि परमिट रूममध्ये तिच्यावर व्हॅट बसतो, तो नोव्हेंबर २०२३ पासनं ५ चा १० टक्के झाला. जून २०२५ मध्ये साध्या विदेशी ब्रँडवरचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरनं साडेचारपट केलं. आम्ही सगळ्यांनी १४ जुलै २०२५ ला राज्यभर बार बंद ठेवले होते ते त्याच्यासाठीच. तर गिऱ्हाईक हिशेब करतंय, बाहेरनं आणतंय. फरक एवढाच की लायसन नसताना तू त्याला विनंती करतोस, आणि लायसन असताना त्याच्या खिशातली बाटली तुझ्या टेबलावर सापडली तर ती तुझ्या स्टॉकमध्ये नाही म्हणून तुझ्यावर केस होते. त्यात कोल्हापूरला गोवा जवळ. फॉर सेल इन गोवा ओन्ली लिहिलेली एक बाटली जरी तुझ्या जागेत निघाली तरी वर्षांची मेहनत गेली म्हणून समज. वेटरला पहिल्या दिवसापासनं हेच शिकवायचं.

रजिस्टर रोज लिहायचं, टीपी म्हणजे माल आणल्याचा वाहतूक पास जपून लावून ठेवायचा, फी दरवर्षी ३१ मार्चच्या आत भरायची, धंदा होवो न होवो. फी गावाच्या लोकसंख्येवर ठरते. काउंटरला दुसरा माणूस बसवणार असशील तर त्याचा नोकरनामा मंजूर करून घ्यायचा. आणि नोकरनाम्याच्या नावाखाली लायसन कुणाला चालवायला देऊ नको, कितीही महिन्याला देतो म्हणाला तरी. गुन्हा त्यानं केला तरी नाव तुझंच लागतं.

२०१७ चं सांगतो म्हणजे ह्या धंद्यात काय काय होऊ शकतं ते कळेल. सुप्रीम कोर्टानं १५ डिसेंबर २०१६ ला हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद करायचा आदेश दिला. आम्हाला सगळे सांगत होते की हे दुकानांना आहे, बसून प्यायच्या बारला नाही. ३१ मार्च २०१७ ला कोर्टानं स्पष्ट केलं की बारलाही आहे. १ एप्रिलला माझ्या स्टोअरला सील लागलं. अकरा माणसं कामाला होती. त्यातल्या सहा जणांना मी जेवणावर धरून ठेवलं, पाच गेले, त्यातला एक भट्टीवरचा आचारी जो माझ्याकडं पहिल्या दिवसापासनं होता. २०१८ मध्ये परत सुरू झालं पण तो काही परत आला नाही. त्यामुळं कर्ज काढून नुसत्या दारूच्या भरवशावर उभं राहू नको, तुझं मटण हाच तुझा धंदा आहे.

कोर्टाची_पायरी

वरच्या साहेबांनी धंद्याची बाजू छान सांगितली, मी कायद्याचं बघते. वकिली करते, उत्पादन शुल्काची काही प्रकरणं हाताळलीत.

पहिलं आणि तातडीचं. अर्ज, अंतर, नकाशा हे सगळं नंतर. आत्ता, आजच्या तारखेला, तुमच्या खानावळीत लोक बसून पितात आणि तुम्हाला ते माहीत आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ च्या कलम ६८ खाली हा जागामालकावर गुन्हा आहे, साध्या भाषेत दारूचा गुत्ता चालवल्याचा. तुम्ही एक थेंब विकला नसला तरी, नुसती जागा वापरू दिली तरी. पिणाऱ्यावर कलम ८४. धाड पडली तर मालक म्हणून तुमचं आणि भावाचं नाव जाईल आणि अर्ज करताना चारित्र्य पडताळणी होते तेव्हा हेच नाव समोर येईल. ज्या लायसनसाठी धडपड चाललीय ते ह्याच कारणानं अडेल. म्हणून उद्यापासून बंद करा, गिऱ्हाईक जाईना का.

आता अंतर. परमिट रूमसाठी शैक्षणिक संस्था, धार्मिक संस्था आणि एसटी स्टँड यांच्यापासून ७५ मीटरचा नियम आहे. लोक गुगल मॅपवर सरळ रेघ मारून मोजतात, ते चूक. तुमच्या हॉटेलच्या दाराच्या मध्यापासून सुरुवात करायची आणि पायी चालणारा माणूस ज्या जवळच्या वाटेनं जाईल त्या वाटेनं मोजत जायचं. संस्थेला कंपाउंड भिंत असेल तर सगळ्यात जवळच्या गेटच्या मध्यापर्यंत, कंपाउंड नसेल तर इमारतीच्या जवळच्या दाराच्या मध्यापर्यंत. जवळचं गेट हा शब्द महत्त्वाचा आहे, मुख्य गेट नाही.

शाळेत बालवाडीपासून मान्यताप्राप्त सगळं येतं, विद्यापीठाशी संलग्न कॉलेज येतं, खासगी क्लास येत नाही. तुमची जिल्हा परिषदेची शाळा आहे म्हणजे प्रश्नच नाही, ती धरलीच जाणार. देवळाच्या बाबतीत ते सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं आहे का हे बघावं लागतं, धर्मादाय कार्यालयात चौकशी केली की कळतं. पण देऊळ नोंदलेलं नाही म्हणून त्याच्या दारात परमिट रूम काढायची हे मी माझ्या अशिलाला कधीच सुचवणार नाही. भावना दुखावल्या की कागद कितीही पक्का असला तरी तुमच्या दारात मोर्चा येतो.

रस्त्याचं पण बघा. तुमची गल्ली ज्या रस्त्याला मिळते तो राज्यमार्ग आहे, राष्ट्रीय महामार्ग आहे की जिल्हा मार्ग, हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडून लेखी घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. हायवेच्या निकालात नंतर बदल झाले, २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी ५०० चे २२० मीटर झाले, जुलै २०१७ मध्ये नगरपालिका-महापालिका हद्दीला तो आदेश लागू नाही असं कोर्टानं म्हटलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये बाकीच्या स्थानिक संस्थांच्या हद्दीचा निर्णय राज्यावर सोडला. तुम्ही ग्रामपंचायतीत आहात म्हणून हे तुम्हाला शहरातल्यापेक्षा जास्त बारकाईनं तपासावं लागेल. हद्दवाढ होईल त्या हिशेबानं काही ठरवू नका, अर्जाच्या दिवशी जी हद्द तीच खरी.

ग्रामपंचायत म्हणजे ग्रामसभेचा ठराव आला. आणि बांधकामाची परवानगी. शहरालगतची ४२ गावं २०१७ पासून कोल्हापूर प्राधिकरणात आहेत, तुमचं गाव त्यात असेल तर मंजूर नकाशा, भोगवटा आणि बिगरशेती आदेश यांची जुळवाजुळव आधी करा. वडिलांच्या काळातल्या बांधकामाला बऱ्याचदा ह्यातलं एकही नसतं. सातबारावर कुणाकुणाची नावं आहेत तेही बघा, चुलत्यांची संमती लागली तर ती तोंडी चालत नाही.

खानावळवाला_करवीर

ताई, कलम ६८ चं वाचून काल रात्री झोप लागली नाही. आम्हाला खरंच वाटत होतं की आपण विकत नाही म्हणजे आपला काही संबंध नाही. वडिलांना सांगितलं, ते म्हणाले उद्यापासनं बोर्ड लाव. लावतोय.

एक विचारायचं होतं, लग्नाच्या हॉलला एक दिवसाचं लायसन मिळतं म्हणतात, तसं शनिवार-रविवार पुरतं घेत राहिलं तर चालतं का?

शिरोलीकर_मालक

नाही भावा. ते एफएल-४अ, एखाद्या कार्यक्रमापुरतं, एका दिवसाचं. थर्टी फर्स्टला, कुणाच्या पार्टीला काढतात. दर आठवड्याला तेच काढून खानावळ चालवायची म्हणजे आडवाटेनं परमिट रूमच झाली, साहेबांच्या ते पहिल्या महिन्यातच लक्षात येतं. त्या वाटेला जाऊच नको.

आणि हो, काल लिहायचं राहिलं. पिणाऱ्याचा परवाना पण असतो, एक दिवसाचा विदेशीचा ५ रुपयांचा, वर्षाचा १००, आयुष्यभराचा १०००. आणि बिअर-वाइनला वय २१, बाकी दारूला २५. आपल्याकडं इंजिनिअरिंगची पोरं भरपूर, मिशा फुटल्या की येऊन बसतात. मी काउंटरला सरळ आधार बघायला लावलंय. एकदा एका पोराचे वडील दुसऱ्या दिवशी येऊन माझ्यासमोर बसले होते, काही न बोलता, चहाही घेतला नाही. तेव्हापासनं.

माहेर_गडहिंग्लज

दादा, मी धंद्यातली नाही पण ग्रामसभेचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी आमच्या गावात आडव्या बाटलीसाठी घरोघर फिरलेली बाई आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज दिला तर गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. आडवी म्हणजे बंद.

आमच्यात मतदान झालं त्या दिवशी एक म्हातारी आक्का, ऐंशीच्या पुढची, नातीचा हात धरून आली होती आणि दारातच मला विचारत होती, पोरी, झोपलेली बाटली म्हणजे बंद न्हवं? मला तिथं काही सांगायची परवानगी नव्हती, मी नुसती हात जोडून उभी राहिले. ती आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, झोपिवली. आम्ही हरलो. हरलो कारण नुसतं आलेल्या मतांत जास्त मतं पडून चालत नाही, यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्यापेक्षा जास्त मतं लागतात, आणि यादीत मुंबई-पुण्याला गेलेल्या लेकीसुना पण असतात, ज्या एका दिवसासाठी येऊ शकल्या नाहीत. मतमोजणीत आडवीची चळत उभीच्या चळतीपेक्षा कितीतरी उंच दिसत होती आणि तरी दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं.

हे तुम्हाला कशाला सांगते, तर तुमच्या आईचं पेल्याचं वाचून वाटलं की तुम्हाला सांगितलं तर समजेल. ग्रामसभेचा ठराव हा कागद म्हणून घेऊ नका. कोरम भरला नाही म्हणून तहकूब झालेली सभा आणि मग आठ-दहा माणसांत झालेला ठराव, असला ठराव फाईलीत लागतो पण गावात टिकत नाही. आधी गल्लीतल्या बायकांना भेटा. संध्याकाळी सात नंतर त्या कुठल्या वाटेनं दळण आणायला, क्लासवरनं पोरींना आणायला जातात ते विचारा. दार कुणीकडं उघडणार, पार्किंग कुठं, रात्री किती वाजता बंद करणार हे त्यांना तुमच्या तोंडून कळू दे. माझा स्वतःचा विरोध आहे, लपवत नाही, माझा भाऊ ह्यातच गेला. पण परवाना घेऊन, नियमात, शाळेपासनं लांब चालवणाऱ्या माणसाशी माझं भांडण नाही. माझं भांडण गल्लीच्या कोपऱ्यावर चोरून विकणाऱ्याशी आहे, आणि त्याला आडवी बाटली लागूच होत नाही हे आमचं दुखणं आहे.

शहरात सोसायटीत गाळा असेल तर आता सोसायटीची ना हरकत लागणार असं मार्च २०२५ मध्ये विधानसभेत सांगितलं गेलं, नवीन बिअर शॉपी आणि दारू दुकानांसाठी. ते चांगलंच झालं.

सूरपेटी

शनिवारच्या गाण्यांचं कुणी बोललं नाही म्हणून मी लिहितो, पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतोय, कोल्हापूर-सांगली-बेळगाव सगळीकडं.

परमिट रूमचं लायसन म्हणजे कार्यक्रमाचं लायसन नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. दोन वेगळ्या गोष्टी. सार्वजनिक करमणुकीला पोलीस कायद्याखालचे १९६० चे नियम आहेत, त्यात जागेचा परवाना वेगळा, प्रयोगाचा वेगळा आणि तिकीट लावलंत तर तिकीटविक्रीचा वेगळा. आपल्याकडं पोलीस आयुक्तालय नाही त्यामुळं हे जिल्हा प्रशासनाकडनं होतं आणि स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो. तिकीट लावू नका, कव्हर चार्ज पण नको, जेवायला आलेल्यांसाठी भाऊ वाजवतोय एवढंच ठेवा, तरी परवानगी घेऊनच.

गाण्यांचे हक्क. लाइव्ह गायलं तरी गीत आणि चाल कुणाची तरी असते, त्याचं आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं लायसन लागतं. रेकॉर्ड लावलं, कराओके ट्रॅक लावला तर रेकॉर्डिंगचं वेगळं, ते पीपीएल, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांची संस्था, किंवा ज्या कंपनीची गाणी त्यांच्याकडनं, कारण सगळी गाणी एकाकडं नसतात. लग्नातल्या गाण्यांना कॉपीराइट कायद्यात सूट आहे, लोक तीच सूट हॉटेललाही आहे असं समजतात, तसं नाही.

आवाज. रात्री दहानंतर स्पीकर बंद, ह्यात चर्चा नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, आणि ५५ म्हणजे दोन माणसं जरा मोठ्यानं बोलली तरी तेवढं होतं. शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. म्हणजे तुमच्या शाळेमुळं परमिट रूमला ७५ आणि गाण्याला १००. डॉल्बीवरनं कोल्हापूरात दर गणपतीत काय होतं ते आपण बघतोच, लोकांचे कान आणि डोकं दोन्ही आधीच तापलेलं असतं. भावाला सांगा, कीबोर्ड आणि एक छोटा अ‍ॅम्प, दारं लावून. जुनी गाणी तशीच चांगली लागतात.

आणि नाच नको. कुणीतरी येऊन सांगेल की एखादी लावणी ठेवा, गर्दी होईल. बारमधल्या नाचाला २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याचं लायसन वेगळं, अटी वेगळ्या, शिक्षा वेगळ्या. आपली लावणी ही रंगमंचावरची, ती तिथंच बसून बघावी.

एक शेवटचं, आगीचं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा मी खासबाग मैदानाच्या बाजूला उभा होतो. शाहू महाराजांनी उभं केलेलं थेटर, ज्या स्टेजवर मी पहिल्यांदा पेटी धरून बसलो होतो. छत खाली आलं तेव्हा माझ्या शेजारचा एक तबलजी मांडी घालून रस्त्यावरच बसला. त्या दिवसापासनं मी कुठल्याही हॉलमध्ये वाजवायला गेलो की आधी दुसरं दार कुठं आहे ते बघतो. तुमच्या खानावळीत लाकडी पार्टिशन घालून परमिट रूम काढाल, वर फॉल्स सीलिंग कराल, मागं गॅसचे सिलिंडर. फायरची ना हरकत हा फाईलीतला कागद म्हणून घेऊ नका. उपकरणं बसवल्यावर दर जानेवारी आणि जुलैला लायसनवाल्या एजन्सीकडनं तपासून बी फॉर्म, म्हणजे सगळं चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यायचा असतो, तो खरोखर तपासून घ्या. दोन दारं ठेवा आणि दुसऱ्या दारासमोर कांद्याची पोती रचू नका.

खानावळवाला_करवीर

पंधरा दिवसांनी लिहितोय, मध्ये गडबड होती. सगळ्यांचे आधी आभार, फोन करून बोललेल्यांचे पण.

रविवारी सकाळी शाळा बंद असताना आम्ही दोघं भाऊ टेप घेऊन मोजायला गेलो. प्लंबरची तीस मीटरची टेप आणली होती. दाराच्या मध्यावर खडूनं खूण केली, भाऊ टोक धरून पुढं, मी मागं. शाळेच्या मोठ्या गेटपर्यंत ११२ भरले. भावानं मला टाळी दिली. मग कोर्टाची पायरी ताईंचं जवळचं गेट आठवलं. शाळेच्या मागच्या भिंतीला एक लहान लोखंडी फाटक आहे, खिचडीचा तांदूळ आणि गॅस तिथनं आत घेतात, आम्ही लहानपणी मधल्या सुट्टीत तिथनंच पळून वडिलांकडं शेंगदाणे खायला यायचो. गल्लीतनं त्या फाटकापर्यंत मोजलं. ६३. परत मोजलं, भिंतीला चिकटून नाही, चालतो तसं मधनं. ६४ ला थोडं कमी.

भाऊ म्हणाला दार पलीकडच्या बाजूला काढू, वळसा पडून वाढेल. एका ओळखीच्या माणसानं सांगितलं मुख्याध्यापकांना सांगून ते फाटक बंद करून घ्या, शाळेला पत्र्याची शेड देतो म्हणा. मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, तू त्या फाटकातनं यायचास. एवढंच म्हणाले. विषय संपला.

इथं अर्ज करत नाही. बोर्ड लावलाय, आत मद्यपान करण्यास मनाई आहे, मोठ्या अक्षरात, आणि मी स्वतः पहिले तीन दिवस दारात उभा राहून सांगत होतो. पहिल्या रविवारी चार टेबलं उठून गेली. दुसऱ्या रविवारी दोन. धंदा पडलाय, खोटं बोलत नाही, रोजचा गल्ला बघितला की पोटात गोळा येतो. पण फॅमिली परत यायला लागल्यात. त्या दोन मुलांच्या बाई परवा आल्या होत्या, मुलगा पांढरा रस्सा तीनदा मागून प्याला. आणि आई आता पेले वास न घेता घासते, ते मी मुद्दाम मोरीच्या दारात उभं राहून बघितलं.

आता प्रश्न असा, मामांची गोकुळ शिरगावच्या बाजूला आतल्या रस्त्याला आठ गुंठे जागा आहे. शाळा, देऊळ कुठलंच जवळ नाही, चालत जाऊन बघितलं. ते नाममात्र भाड्यानं द्यायला तयार आहेत. तिथं नवीन हॉटेल आणि परमिट रूम असं रीतसर करता येईल का, आणि सुरुवात कुठनं करू?

कोर्टाची_पायरी

फाटकाचं जे केलंत ते बरोबर केलंत, आणि पाहणीत ते दिसलंच असतं.

मामांच्या जागेचा सातबारा आणि फेरफार काढा, बिगरशेती झालीय का बघा, झाली असेल तर कशासाठी, निवासी की वाणिज्य. हायवेपासूनचं अंतर बांधकाम विभागाकडून लेखी घ्या, तिकडं राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे, अंदाज चालणार नाही. भाडेकरार नोंदणीकृत करा, मामा असले तरी. हे तीन कागद हातात आले की मग नकाशाकडे वळा.

शिरोलीकर_मालक

आणि हॉटेलचं नाव आत्ताच ठरव भावा. देवाचं, महापुरुषाचं, किल्ल्याचं नाव परमिट रूमला चालत नाही. तुमच्या खानावळीचं नाव देवीवरनं आहे असं तू फोनवर म्हणालास, ते तिकडं नेता येणार नाही. पाटी मराठीत, देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत.

बुधवारी मी मोकळा आहे, मामांची जागा बघायला येतो. टेप माझ्याकडं पन्नास मीटरची आहे.